विश्लेषण : द्राक्षातील विषाचा अंश मोजला जातो, फवारणाऱ्याच्या रक्तातील का नाही?

कपाशी, सोयाबीन, द्राक्ष, आंबा किंवा शहरातील बागा आणि हिरवळ, कीडनाशकांची फवारणी आता कुठेच टळत नाही. ती करणारा मजूर मात्र पिकाच्या हिशेबात दिसत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने दगावले, तेव्हा हा प्रश्न देशासमोर आला. बाटलीवर कसला रंग असतो, विष शरीरात नेमके कुठून जाते, कायदा कोणाला संरक्षण देतो आणि कोणाला वगळतो, याचा हा आढावा.

यवतमाळमध्ये २०१७ साली काय घडले?

त्या वर्षी जुलै-ऑगस्टपासून यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात फवारणीनंतर उलट्या, चक्कर, धूसर दिसणे, श्वास अडकणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण येऊ लागले. ऑक्टोबरपर्यंत जिल्ह्यात रुग्णालयात दाखल झालेल्यांची संख्या ८०० च्या आसपास पोहोचली. विदर्भातील इतर जिल्ह्यांतूनही मृत्यूंच्या नोंदी आल्या. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. पुढे २०२० मध्ये काही बाधितांनी आणि मृतांच्या पत्नींनी थेट स्वित्झर्लंडमध्ये, तेथील एका कीडनाशक कंपनीविरुद्ध दाद मागितली.

त्याच वर्षी असे का झाले?

एकच कारण नव्हते. बीटी कपाशी २००२ मध्ये आणि दोन जनुकांची बीटी २००६ मध्ये भारतात आली. बोंडअळीसाठी फवारणी करावी लागणार नाही, हा तिचा मुख्य फायदा होता. पण गुलाबी बोंडअळीने दोन्ही जनुकांना दाद देणे बंद केले आणि २०१७ मध्ये तिचा मोठा उद्रेक झाला. हाती आलेले पीक जाईल या धास्तीने फवारण्या वाढल्या.

दुसरे म्हणजे त्या हंगामात पऱ्हाटी माणसाच्या उंचीपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहून वर गेली होती. कमरेएवढ्या पिकावर फवारताना नोझल खाली असतो आणि तुषार झाडावर पडतात. डोक्याएवढ्या पिकात नोझल तोंडासमोर किंवा वर धरावा लागतो. मग तेच तुषार चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर उतरतात. ओळी दाट असल्या की भिजलेली पाने अंगाला घासत राहतात.

तिसरे कारण पंपाचे. हाताने दांडा मारायच्या पंपाऐवजी बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणारे पंप आले. त्यांचा दाब जास्त, तुषार बारीक आणि वेग दुप्पट. बारीक तुषार हवेत जास्त वेळ तरंगतो आणि श्वासातून आत जातो. चौथे कारण मिश्रणाचे. एकाच टाकीत दोन-तीन कीटकनाशके, एखादे बुरशीनाशक, वर ‘टॉनिक’ आणि विद्राव्य खत. अशा कॉकटेलचा माणसावर एकत्रित परिणाम काय, हे कोणत्याच बाटलीच्या लेबलवर लिहिलेले नसते. त्यात पावसाळ्यातील दमट उकाडा. घामाने भिजलेली त्वचा विष अधिक वेगाने शोषते.

विष शरीरात जाते कुठून?

बहुतेकांचा समज असा की नाका-तोंडावर रुमाल बांधला म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात फवारणीच्या कामात सर्वाधिक विष त्वचेतून आत जाते. सगळी त्वचा सारखी नसते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर अमेरिकेत झालेल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाताच्या पुढच्या भागावर लावलेल्या मात्रेपैकी सुमारे ९ टक्के शरीरात गेले. तळहातावर हे प्रमाण सुमारे १२ टक्के, डोक्याच्या त्वचेवर ३२ टक्के, कपाळावर ३६ टक्के आणि काखेत ६४ टक्के होते. जांघेजवळच्या नाजूक त्वचेतून तर जवळपास सगळेच आत गेले.

याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. पाठीवरच्या पंपाचे झाकण सैल असेल, तर गळणारे पाणी पाठीवरून कमरेखाली उतरते. म्हणजे शरीराच्या सर्वाधिक शोषणाऱ्या भागाकडेच विष वाहत जाते, आणि ओला कपडा ते तासन् तास तिथेच धरून ठेवतो. रुमालाचेही तसेच. कोरडा सुती रुमाल थोडे तुषार अडवतो, पण एकदा भिजला की तोच विषाचा बोळा होऊन नाकाला चिकटतो.

सर्वात धोक्याची वेळ कोणती?

फवारणीपेक्षाही औषध मापताना आणि मिसळताना. टाकीतील द्रावण पाण्याने पातळ झालेले असते, बाटलीतील मूळ औषध नसते. कपाशीला एकरी साधारण १५० ते २०० लिटर पाणी लागते आणि पाठीवरचा पंप १५-१६ लिटरचा असतो. एकरी १० पंप धरले, तरी दोन एकरांसाठी २० वेळा बाटली उघडावी लागते, २० वेळा टोपणाने माप घ्यावे लागते. मजुरी अनेक गावांत दिवसावर नाही, तर पंपावर ठरते. जितके पंप, तितके पैसे. मग हातमोजे घालणे-काढणे, काठी शोधणे यात वेळ कोण घालवणार? हातानेच ढवळले जाते, अडकलेला नोझल तोंडाने फुंकला जातो आणि मधल्या वेळेत त्याच हाताने खर्रा तोंडात जातो.

पाणी आणून देणे, मिश्रण तयार करणे ही कामे अनेक घरांत बायकांकडे असतात. भिजलेले कपडे धुण्याचे कामही त्यांच्याचकडे. त्या पंप पाठीवर घेत नाहीत, म्हणून ‘फवारणी करणाऱ्यां’च्या यादीत त्या सहसा येतही नाहीत.

बाटलीवरचा रंग काय सांगतो?

प्रत्येक कीडनाशकाच्या लेबलवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या निम्म्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. लाल लेबलच्या वरच्या भागात कवटी आणि हाडांचे चिन्ह असते. ही वर्गवारी प्रयोगशाळेतील प्राण्यांवरच्या चाचणीतून येते. ज्या मात्रेला निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा शरीराच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल. ५१ ते ५०० पर्यंत पिवळा. ५०१ ते ५,००० पर्यंत निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा.

मात्र हा रंग एका वेळी पोटात जाणाऱ्या किंवा त्वचेवर पडणाऱ्या मात्रेचा आहे. हंगामभर रोज थोडे थोडे अंगावर घेतले तर काय होईल, हे तो सांगत नाही. शिवाय लेबलवरचा मजकूर इतका बारीक असतो की वाचता येणाऱ्यालाही तो दिसत नाही. अनेकदा मजुराच्या हाती बाटली नाही, तर आधीच मिसळलेली बादली येते. गावोगावी याला ‘औषध’ म्हणतात, हाही मुद्दा लहान नाही. कृषी केंद्रातून ‘औषध’ आणले जाते, ‘डोस’ दिला जातो. विषाची भीती शब्दातूनच निघून जाते.

कायदा फवारणाऱ्याबद्दल काय म्हणतो?

कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. कागदावर हे नियम बरेच पुढारलेले आहेत. फवारणीच्या कामावर ठेवलेल्यांची कामापूर्वी आणि पुढे ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, प्रथमोपचार आणि प्रशिक्षण या सगळ्याची तरतूद त्यात आहे. ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातील कीटकनाशके हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराची नियमित मोजणी करावी, असेही नियम सांगतात.

मग अडते कुठे? कायद्याच्या ३८ व्या कलमात. घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी आणि ‘स्वतःच्या वहितीतील जमिनीवर’ कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू होत नाही. शेतकऱ्याला परवान्याच्या कटकटीतून सोडवणे हा यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा की नोंदणी, उत्पादन, साठवणूक आणि विक्री यांवर कायद्याची नजर राहते आणि बाटली बांधावर पोहोचली की ती नजर हटते. शेतात फवारायला लावलेला रोजंदारी मजूर कोणाच्याच नोंदवहीत नसतो. त्याचा मालक चार दिवसांत बदलतो. मग तपासणी कोणी करायची आणि मोजे कोणी द्यायचे?

शहरात चित्र थोडे वेगळे आहे. व्यावसायिक कीडनियंत्रणासाठी परवाना लागतो आणि त्यासाठी शिक्षित, प्रशिक्षित तांत्रिक माणूस असणे बंधनकारक आहे. कीडनाशक विकणाऱ्यालाही आता कृषी किंवा विज्ञान विषयाची पात्रता लागते. म्हणजे विकणाऱ्याला शिक्षण हवे, गोदामात धुरी देणाऱ्याला परवाना हवा. तेच विष दिवसभर पाठीवर वाहणाऱ्याला मात्र काहीच लागत नाही आणि काहीच मिळत नाही.

बंदी घालणे इतके अवघड का?

राज्याचे हात कायद्याने बांधलेले आहेत. सार्वजनिक सुरक्षेच्या कारणावरून राज्य सरकार एखाद्या कीटकनाशकाची विक्री थांबवू शकते, पण ६० दिवसांसाठी. चौकशी अपुरी असेल तर फार तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी केंद्राच्या हातात. म्हणूनच २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि डायफेन्थियुरॉनसह पाच उत्पादनांची विक्री ६० दिवसांसाठीच थांबवली. तोवर हंगाम संपत आला होता.

मोनोक्रोटोफॉसचा प्रवास याबाबतीत बोलका आहे. भाजीपाल्यावर त्याच्या वापराला आधीच मनाई होती. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली, तेव्हा जेवणात हेच विष आढळले. २०१७ मध्ये यवतमाळ झाले. केंद्राने त्यावर बंदीचा आदेश काढला तो २०२३ मध्ये, तोही शिल्लक साठा विकण्यासाठी मुदत देऊन. १९६८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २००८ आणि २०२० मध्ये संसदेत विधेयके मांडली गेली, पण त्यांचा कायदा झाला नाही.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत शेती, झाडे आणि हिरवळ यांवर फवारणी करणे हा स्वतंत्र व्यवसाय मानला जातो. अतिधोकादायक म्हणून ‘मर्यादित वापरा’च्या यादीत असलेली कीडनाशके केवळ प्रमाणित फवारणीकार किंवा त्याच्या देखरेखीखालील माणूसच वापरू शकतो. शेतात मजुरीवर औषध हाताळणाऱ्याचे वय किमान १८ असावे लागते आणि त्याला दरवर्षी प्रशिक्षण द्यावे लागते. फवारणीनंतर किती तास शेतात शिरू नये, हेही लेबलवर छापलेले असते.

कॅलिफोर्नियाने १९७० च्या दशकातच एक पाऊल पुढे टाकले. जास्त विषारी ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट औषधे महिन्यात सहाहून अधिक दिवस हाताळणाऱ्या मजुराचे रक्त हंगामाआधी तपासले जाते. पुढे त्यातील कोलिनेस्टरेज मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेले, तर मालकाला कामाची पद्धत तपासावी लागते. तांबड्या पेशींतील पातळी ७० टक्क्यांवर आली, तर त्या मजुराला फवारणीवरून काढून दुसरे काम द्यावे लागते. माणूस कोसळण्याआधीच धोका कळतो, हा या चाचणीचा खरा फायदा.

भारतातील द्राक्षाला ही काळजी आधीच मिळते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि मोठे नुकसान झाले. तेव्हापासून निर्यातीच्या बागेची नोंदणी, नमुने आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांची साखळी अधिक घट्ट झाली. नाशिकच्या बागेतील घडात किलोमागे मिलिग्रॅमच्या किती भागाइतके औषध उरले, हे सांगता येते. त्याच बागेत ब्लोअर चालवणाऱ्याच्या शरीरात किती गेले, हे कोणी विचारत नाही. घडाला ग्राहक आहे आणि त्या ग्राहकाच्या देशाने मर्यादा ठरवली आहे. मजुरासाठी तशी मर्यादा मागणारे कोणी नाही.

विषबाधा झाल्याचे कसे ओळखायचे?

ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधे कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. त्यामुळे मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश थांबतच नाही. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, मळमळ, पोटात मुरडा, धूसर दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे. पुढे श्वसनाचे स्नायू थकतात आणि मृत्यू बहुधा त्यानेच ओढवतो. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम ही यावरची औषधे आहेत. मात्र प्रत्येक कीडनाशकाला उतारा नसतो. अनेकांवर केवळ लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. म्हणून डॉक्टरला बाटली किंवा तिचे लेबल दाखवणे निर्णायक ठरते. कॉकटेल असेल, तर सगळ्या बाटल्या. २०१७ मध्ये कोणते मिश्रण अंगावर गेले, हेच अनेक रुग्णांना सांगता आले नव्हते, आणि कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय जिल्हा पातळीवर हवी, ही मागणी तेव्हाच पुढे आली.

लक्षणे दिसताच फवारणी थांबवून रुग्णाला शेताबाहेर मोकळ्या हवेत न्यावे, सगळे कपडे काढून अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यांत गेले असल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे. उलटी करवू नये. दूध, तूप पाजण्यात वेळ घालवू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टर आणि नातेवाईक दोघांनाही वापरता येतो.

भरपाई कोणाला मिळते?

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या शेतकरी अपघात योजनेत विषबाधेचा समावेश आहे आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. पण पात्रता सातबाऱ्याशी जोडलेली आहे : वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य. दुसऱ्याच्या शेतात पंप मारणारा भूमिहीन मजूर या चौकटीत बसत नाही. २०१७ मध्ये मदत जाहीर झाली ती विशेष निर्णयाने. तेवढा गाजावाजा झाला नाही, तर एकट्यादुकट्या मजुराच्या कुटुंबाकडे मागण्यासाठी ठरलेले दारच राहत नाही.

ड्रोनमुळे प्रश्न सुटेल का?

काही प्रमाणात. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. ड्रोनच्या किमतीवर ८० टक्के, कमाल आठ लाख रुपये साह्य आणि १५ दिवसांचे प्रशिक्षण असा तिचा आराखडा आहे. फवारणारा पिकाबाहेर उभा राहतो, हा मोठा लाभ. पण ड्रोन एकरी साधारण १० लिटर पाण्यात काम उरकतो. म्हणजे टाकीतील द्रावण पाठीवरच्या पंपापेक्षा कितीतरी जहाल असते. ते मिसळून टाकी भरणाऱ्याला हातमोज्यांची आणि चष्म्याची गरज कमी नव्हे, जास्तच लागते. वाऱ्याने तुषार शेजारच्या शेतात, विहिरीवर किंवा वस्तीवर जाण्याचा धोकाही राहतो.

तोवर काय करता येईल?

यवतमाळनंतर संरक्षक संचांचे वाटप झाले, मेळावे झाले. तरीही पुढच्या खरीप हंगामांत विदर्भातून विषबाधेच्या नोंदी होतच राहिल्या. विदर्भाच्या उकाड्यात डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकचा पोशाख घालून तासभरही काम होत नाही, हे वास्तव आहे. म्हणून अशक्य पोशाखाचा आग्रह धरण्यापेक्षा टाळता येण्यासारखे धोके आधी टाळणे शहाणपणाचे. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा निदान मिसळताना तरी; पूर्ण बाह्यांचा सदरा, गमबूट, पाठीवर पंपाखाली प्लास्टिकचा तुकडा; न गळणारे झाकण; ढवळायला काठी, नोझल साफ करायला मऊ ब्रश; वाऱ्याच्या दिशेने तोंड करून न चालणे; डोक्याएवढ्या पिकात पाठीवरच्या पंपाने न फवारणे आणि काम संपताच अंघोळ.

सर्वात सुरक्षित फवारणी म्हणजे न करावी लागलेली फवारणी. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावून, सापळ्यामागे सलग तीन रात्री आठ पतंग आढळले किंवा १० टक्के फुले-बोंडे किडकी दिसली, तरच फवारावे अशी शिफारस आहे. शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारण्याची सवय यामुळे मोडू शकते.

उरलेले काम सरकारचे. नियमांत अर्ध्या शतकापासून लिहिलेली रक्ततपासणी ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेणे, फवारणी मजुरांची गावपातळीवर नोंद ठेवणे आणि अपघात योजनेत सातबारा नसलेल्यांना जागा देणे यासाठी नवे संशोधन लागत नाही. रोजच्या पंपाच्या मजुरीत मोज्यांचा खर्च कोणी धरायचा, हा प्रश्न मात्र शेतकरी, मजूर आणि सरकार यांनी एकत्र बसून सोडवावा लागेल.